मासा कोणी खाल्ला? सामोअन भाषेतलं पहिलं वाक्य

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. उच्चार ऐकायचे असतील तर ऑडिओ लावा. लिहिताना शब्दात ' अशी खूण दिसली, तर तिथं आवाज घशात क्षणभर अडवायचा. बाकी सगळं जसं लिहिलंय तसंच वाचा.)



आजचा विषय जरा लांबचा आहे. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर सामोआ नावाची बेटं आहेत. त्यांची भाषा सामोअन. आज आपण तिच्यातली साधी साधी वाक्यं करायला शिकणार आहोत, आणि प्रत्येक वाक्यासोबत थोडा इतिहास. आणि हो, भागाच्या शेवटी मला एक कबुली द्यायची आहे. ती व्याकरणाशीच संबंधित आहे, त्यामुळे मध्येच सोडून जाऊ नका.

आधी हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्या प्रोजेक्टची टेस्टिंग टीम न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला. आमची सकाळ साडेसात म्हणजे त्यांची दुपार. त्या टीममधला एक जण मूळ सामोआचा, जन्म ऑकलंडचा. तो मला 'उसो' म्हणतो. उसो म्हणजे भाऊ. पण फक्त भावाचा भाऊ किंवा बहिणीची बहीण! बहिणीने भावाला हाक मारायची तर शब्द वेगळा, 'तुआङाने'. म्हणजे नुसतं 'भाऊ' म्हणायचं तरी आधी बोलणारा कोण आहे ते बघावं लागतं. इथेच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण सोपं नाही.

न्यूझीलंडमध्ये दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सामोअन भाषा सप्ताह असतो. उगाच नसतो. २०१८ च्या जनगणनेत तिथं सामोअन बोलणारे एक लाखाच्या वर होते, इंग्रजी आणि माओरीनंतर तिसरा नंबर. खुद्द सामोआ देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घ्या. तर त्या आठवड्यात टीममध्ये ठरलं की प्रत्येकाने एक वाक्य शिकून यायचं. मी आदल्या रात्री एक वाक्य घोकलं. "'ओ आइ लोउ इङोआ?" म्हणजे, तुझं नाव काय? शब्दशः बघितलं तर 'तुझं नाव कोण?' नाव म्हणजे वस्तू नाही, माणूसच आहे, म्हणून 'कोण'. मला हे फार आवडलं.

त्या दिवशी उसो घरून काम करत होता. कॉल सुरू असताना मागून त्याची आजी आली. मी उत्साहाच्या भरात तिलाच विचारलं, "'ओ आइ लोउ इङोआ?" आजी मनापासून हसली. उसोने मात्र कपाळावर हात मारला. कारण 'इङोआ' हा नावासाठीचा साधा शब्द. वडीलधाऱ्या माणसाला विचारताना 'सुआफा' म्हणायचं. व्याकरण बरोबर, वाक्य चूक. दुसऱ्याच्या आजीला पहिल्याच भेटीत "ए, नाव काय तुझं?" विचारावं, तसं झालं ते.

कॉल संपल्यावर उसो म्हणाला, "टेन्शन नको घेऊस. मी लहानपणापासून असाच ओरडा खातोय. म्हणून तर आता आजीशी इंग्रजीतच बोलतो."

हे वाक्य मला टोचलं. चुकायच्या भीतीने माणूस स्वतःच्या आजीची भाषा सोडतो. मग मी जरा खोलात शिरलो.

आधी अक्षरं

सामोअनची मूळ अक्षरं फक्त १४. पाच स्वर आणि नऊ व्यंजनं. बाहेरून आलेल्या शब्दांसाठी आणखी तीन. प्रत्येक शब्द स्वरावर संपतो आणि जोडाक्षरं नाहीत. इंजिनियर तिकडे जाऊन 'इनिसिनिया' होतो आणि न्यूझीलंड 'निउ सिला'.

रोमन लिपीतलं 'जी' हे अक्षर सामोअनमध्ये 'ङ' असं वाचतात. शाळेत आपण क, ख, ग, घ, ङ घोकलं आणि नंतर तो ङ वाङ्मय सोडून कुठे भेटला नाही. सामोअनमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. भाषा या अर्थाचा शब्दच 'ङाङाना' आहे! अमेरिकन सामोआची राजधानी नकाशावर 'पागो पागो' दिसते, पण म्हणायचं 'पाङो पाङो'. या एका बाबतीत आपली बाराखडी इंग्रजीपेक्षा पुढे आहे. आणि सुरुवातीला सांगितलेली ती ' खूण. तिला 'कोमा लिलिउ' म्हणतात, म्हणजे उलटा स्वल्पविराम. वर्तमानपत्रं ती बऱ्याचदा गाळतात. बोलणाऱ्याला सवयीने कळतं, शिकणाऱ्याची मात्र पंचाईत.

ही लिपी आली मिशनऱ्यांबरोबर. १८३० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सवाई'ई बेटावर सापापाली'ई गावाला उतरले. गोष्ट नेहमी अशी सांगतात की इंग्रज आला आणि त्याने शिकवलं. पण विल्यम्सना सामोअन येतच नव्हती. त्यांच्या जहाजावर फाउएआ नावाचा एक सामोअन माणूस होता, तो त्यांना टोंगात भेटला होता. किनाऱ्यावर पहिलं बोलणं त्याने केलं. वर सल्लाही दिला, की आल्या आल्या लोकांच्या नाचगाण्यांवर टीका करू नका. विल्यम्स मग निघून गेले आणि मागे राहिले आठ शिक्षक, ताहिती आणि रारोटोंगा इकडचे. म्हणजे बाहेरून येऊन गावात राहणारे आणि रोज सामोअन बोलायला लागणारे हे मिशनचे पहिले लोक पॉलिनेशियनच होते. त्यांना ते तुलनेने सोपं गेलं असणार, कारण भाषा बहिणी-बहिणी. सामोअनमध्ये घर म्हणजे 'फाले', ताहितीत 'फारे', रारोटोंगात ''आरे'. मराठी माणसाने कोकणी ऐकावी तसं.

पुढे जॉर्ज प्रॅट नावाचे मिशनरी आले. १८३९ ते १८७९, चाळीस वर्षं सामोआत राहिले. १८६२ साली त्यांनी सामोअन शब्दकोश छापला, सोबत छोटं व्याकरण. छापला कुठे? सामोआतच, मिशनच्या छापखान्यात. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. साधारण तोच काळ, तेच काम.

आता एक गंमत. कोशात मुलगी म्हणजे 'तेइने'. पण गावात कान दिलात तर ऐकू येईल 'केइङे'. बोलताना 'त'चा 'क' होतो आणि 'न'चा 'ङ'. पहिल्या पद्धतीला म्हणतात 'ताउताला लेलेइ', चांगलं बोलणं. दुसरीला 'ताउताला लेआङा', वाईट बोलणं. चांगलं बोलणं कुठे? चर्चमध्ये, शाळेत, रेडिओवर आणि परदेशी माणसाशी. आपल्याकडे पाणी म्हणणारा आणि पानी म्हणणारा यांच्यात आपण जी प्रतवारी लावतो ना, तसंच वाटेल. पण इथे फरक आहे. सामोआत गावच्या पंचायतीत, म्हणजे 'फोनो'मध्ये, मोठमोठे सरदार अगदी मानाची भाषणं 'वाईट' पद्धतीनेच करतात. ज्याला वाईट म्हटलं त्याच उच्चारात सगळ्यात भारदस्त भाषा चालते. प्रमाण काय आणि बोली काय, या वादात कधी पडलात तर हे उदाहरण खिशात ठेवा.

आता वाक्य

सोपं सूत्र. आधी काळ सांगणारा छोटा शब्द, मग क्रियापद, मग बाकीचे. कोडिंग करणाऱ्यांना पटकन कळेल. फंक्शनचं नाव आधी, आर्ग्युमेंट्स नंतर.

तिमू म्हणजे पाऊस पडणं. आता बघा.

"'ओ लो'ओ तिमू." पाऊस पडतोय.
"ना तिमू." पाऊस पडला.
"'ओ ले'आ तिमू." पाऊस पडणार आहे.
"उआ तिमू." पाऊस आला! म्हणजे मघाशी नव्हता, आता आहे. स्थिती बदलली.

क्रियापद चारही ठिकाणी जसंच्या तसं. तो-ती-ते नाही, पडतो-पडते-पडतात नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाचे हाल आठवा आणि सामोअनचे आभार माना. आभार म्हणजे 'फा'आफेताइ'.

आता माणूस घालू. "सा मोए ले तामा." मुलगा झोपला. 'सा' हाही भूतकाळ, मोए म्हणजे झोपणं, तामा म्हणजे मुलगा. मधला 'ले' सांगतो की आपण कोणत्या तरी एका नेमक्या मुलाबद्दल बोलतोय. कुठलाही चालेल असा असता तर 'से'. आणि मुलं अनेक असतील तर? 'ले' काढून टाकायचा. "ले फाले" म्हणजे घर, नुसतं "फाले" म्हणजे घरं. अनेकवचनासाठी शब्द वाढत नाही, कमी होतो.

'आहे' नावाचं क्रियापद नाही. "'ओ आ'उ 'ओ से इनिसिनिया." मी इंजिनियर. संपलं. आपणही घरी असंच बोलतो की.

आम्ही की आपण?

इथे मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत दोन, आम्ही आणि आपण. "आम्ही जेवायला चाललोय" म्हटलं की समोरच्याने बसून राहायचं. "आपण जेवायला चाललोय" म्हटलं की चप्पल घालायची. सामोअनमध्ये नेमका हाच फरक आहे. 'मातोउ' म्हणजे आम्ही, समोरचा त्यात नाही. 'तातोउ' म्हणजे आपण, समोरचा धरून. शिवाय दोघंच असतील तर आणखी वेगळे शब्द. 'मा'उआ' म्हणजे आम्ही दोघं, 'ता'उआ' म्हणजे तू आणि मी.

इंग्रज मिशनऱ्यांच्या आईच्या भाषेत हा फरक नव्हता, त्यामुळे भाषांतराला बसल्यावर प्रत्येक 'वी'पाशी थांबून ठरवावं लागलं असणार. प्रार्थना करताना देवाला आमचा बाप म्हणायचं की आपला? आपला म्हटलं तर देव स्वतःच स्वतःचा बाप होतो. म्हणून सामोअनमध्येही 'आमचा' आणि मराठीतही 'आमचा'. संपूर्ण सामोअन बायबल १८५५ साली पूर्ण झालं. धर्माचं राहू द्या, नुसती भाषांतराची गोष्ट म्हणून बघा. एका सर्वनामात ठरतं की कोण आत आणि कोण बाहेर.

सामोआत पुढची शंभर वर्षं भांडण याचंच झालं.

गव्हर्नर, संस्कृत आणि पुणे

१८९९ साली जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी करार करून सामोआची वाटणी केली. पश्चिमेची बेटं जर्मनीला, पूर्वेची अमेरिकेला. १ मार्च १९०० रोजी आपियाजवळ मुलिनु'उला जर्मन झेंडा चढला. पहिला गव्हर्नर विल्हेल्म सोल्फ.

सोल्फ हा माणूस मूळचा संस्कृतचा. जर्मनीत त्याने भारतविद्या शिकली होती, डॉक्टरेट केली होती. आणि १८८८ साली त्याने एका संस्कृत व्याकरणाचं इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतर केलं. ते व्याकरण कोणाचं? फ्रान्झ कीलहॉर्न यांचं. कीलहॉर्न म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक, १८६६ पासून पंधराएक वर्षं. ज्यांनी पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती काढली तेच. मी डेक्कन कॉलेजच्या गेटवरून रोज ऑफिसला जातो आणि मला हे माहीत नव्हतं! पुण्यात शिकवणाऱ्या माणसाच्या व्याकरणावर हात बसवलेला विद्यार्थी पुढे काही काळ कलकत्त्याच्या जर्मन वकिलातीत नोकरी करतो आणि शेवटी सामोआचा राज्यकर्ता होतो.

आता असा माणूस राज्य करायला बसला की भाषेकडे कसं बघेल? सामोअनमध्ये मानाचे शब्द वेगळेच असतात. आपण 'ये' चं 'या' करतो आणि काम भागवतो. तिथं पूर्ण शब्द बदलतो. 'ये' साठी साधा शब्द 'साउ'. सरदाराला, म्हणजे 'आली'इ'ला, म्हणायचं 'आफिओ माइ'. त्याच्या बाजूने बोलणारा जो वक्ता-सरदार असतो, 'तुलाफाले', त्याला 'मालिउ माइ'. घर 'फाले', पण आली'इचं घर 'माओता' आणि तुलाफालेचं 'लाओआ'. खाणं ''आइ', मानाने 'ताउमाफा'. आपल्याकडे जेवणे आणि भोजन घेणे आहे, पण रोज कोण वापरतं? लग्नाच्या पत्रिकेपुरतं. तिथं पाहुणा दारात दिसला की शब्द निवडावाच लागतो.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे, 'फा'आलुपेङा'. प्रत्येक गावाचं आणि प्रांताचं एक ठरलेलं मानवंदनेचं संबोधन. सभेत बोलायला उभं राहिलात की आधी ते म्हणायचं. कोणत्या घराण्याचं नाव पहिलं, कोणाचं दुसरं, कोण कोणाच्या बाजूचा, सगळं त्या क्रमात. आपल्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादावरून नाही तर पालखीतल्या मानावरून गावं पेटतात ना, तो मान इथे शब्दांच्या क्रमात असतो. सामोआला तेव्हा केंद्रीय राज्यघटना नव्हती. ही संबोधनंच राज्यघटना होती म्हणा. आणि त्यात सगळ्यात वजनदार दोन नावं, 'तुमुआ' आणि 'पुले'. उपोलू बेटावरच्या वक्ता-सरदारांच्या गावांचा गट म्हणजे तुमुआ, सवाई'ईवरच्यांचा पुले. 'पुले' या शब्दाचा अर्थच मुळी सत्ता.

सोल्फने हे बरोबर ओळखलं. १९०५ साली त्याने तुमुआ आणि पुले यांचं अधिकृत स्थान काढून घेतलं आणि सामोआसाठी नवीन फा'आलुपेङा काढलं. त्यात पहिलं नाव जर्मन कैसरचं, मग गव्हर्नरचं, म्हणजे स्वतःचं! सभेची सुरुवातच कैसरच्या नावाने. व्याकरण शिकलेल्या माणसाने एक वाक्य बदलून सत्तेची उतरंड बदलायचा प्रयत्न केला.

सामोअन लोकांना यात नक्की काय झालं ते समजायला वेळ लागला नाही. १९०८ मध्ये सवाई'ईवर विरोध उभा राहिला, 'माउ आ पुले'. त्याचा पुढारी लाउआकी नामुलाउ'उलू मामोए, साफोतुलाफाइ गावचा तुलाफाले. त्याचा धंदाच बोलण्याचा. १९०९ साली जर्मन युद्धनौका आल्या आणि लाउआकीला साथीदारांसह सायपान बेटावर हद्दपार केलं. १९१५ मध्ये, जर्मन राज्य गेल्यावर, तो परत यायला निघाला आणि वाटेतच वारला.

कैसरही गेला, गव्हर्नरही गेला. तुमुआ आणि पुले ही नावं सामोआतल्या सभांत आजही घेतली जातात.

मासा कोणी खाल्ला?

आता शेवटचं वाक्य, आणि सगळ्यात छोटा शब्द.

"ना 'आइ ए ले तेइने ले इ'आ." मुलीने मासा खाल्ला.

तोडून बघू. ना, भूतकाळ. 'आइ, खाणं. ए ले तेइने, मुलीने. ले इ'आ, मासा. तो जो 'ए' आहे ना, तो आपला 'ने'. "मुलगा झोपला" मध्ये आपण 'ने' लावत नाही, "मुलाने मासा खाल्ला" मध्ये लावतो. सामोअनचंही तसंच. "सा मोए ले तामा" मध्ये 'ए' नाही, मासा आला की 'ए' आला. इंग्रजी माणसाला हे शिकताना घाम फुटतो. आपण कधी विचारही न करता रोज करतो. त्यात आपल्याला आणखी मासा खाल्ला, भाकरी खाल्ली, असं क्रियापदही फिरवावं लागतं. ते तिथं नाही.

आणि हा 'ए' वाला तुकडा सरळ गाळता येतो. "ना 'आइ ले इ'आ." मासा खाल्ला गेला. कोणी? नाही सांगितलं.

१९७८ च्या सुमारास अलेस्सान्द्रो दुरांती आणि एलिनॉर ऑक्स हे दोन संशोधक उपोलूवरच्या फालेफा गावात राहिले. ऑक्स लहान मुलं कशी बोलायला शिकतात ते बघत होत्या. त्यांना दिसलं की हा 'ए' मुलं बऱ्याच उशिरा उचलतात, कारण घरातल्या बोलण्यात तो कमी ऐकू येतो. दुरांती पंचायतीत टेपरेकॉर्डर घेऊन बसत. त्यांच्या लक्षात आलं की तिथंही लोक 'ए' जपून वापरतात. 'ए' लावून "अमक्याने हे केलं" असं पूर्ण वाक्य बहुधा दोनच प्रसंगी येतं. श्रेय द्यायचं असेल तेव्हा, किंवा दोष द्यायचा असेल तेव्हा. भर सभेत 'ए' म्हटलं की एखाद्याकडे बोट गेलं. त्यांचं यावरचं पुस्तक १९९४ साली आलं आणि त्याच्या नावाचाच अर्थ आहे, व्याकरणाकडून राजकारणाकडे.

आपल्याला हे काही नवीन नाही. घरात कप फुटला की "कप फुटला." "मी कप फोडला" असं म्हणणारं मूल मी अजून बघितलेलं नाही. स्वतःसकट.

आता हा 'ए' कानात ठेवा आणि इतिहासातला एक प्रसंग ऐका. १९१४ मध्ये न्यूझीलंडने जर्मन सामोआ ताब्यात घेतला. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून 'तालुने' नावाचं जहाज आपियाला लागलं. जहाजावर फ्लूचे रुग्ण होते. क्वारंटाइन केलं नाही, प्रवासी उतरले. काही आठवड्यांत पश्चिम सामोआतले साधारण पाचातला एक माणूस मेला, साडेआठ हजारांच्या आसपास. शेजारी अमेरिकन सामोआत कडक क्वारंटाइन होतं. तिथं या साथीने एकही मृत्यू नाही. जी भाषा संबोधनांवर, वंशावळींवर, तोंडपाठ क्रमांवर उभी, तिथं एवढी जाणती माणसं एका महिन्यात जाणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

नंतर २८ डिसेंबर १९२९. आपियात 'माउ' चळवळीचा शांततेने मोर्चा निघाला होता. न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळीबार केला. नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे यांना गोळी लागली आणि ते गेले, त्यांच्यासोबत आणखीही काही जण. १ जानेवारी १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला.

आता याची वाक्यं करून बघा. "साथ आली." "माणसं गेली." "गोळीबार झाला." मराठीत किती सहज होतात! कर्ता कुठेच नाही. मी स्वतः ही स्क्रिप्ट लिहिताना पहिल्या खर्ड्यात "गोळीबार झाला" असंच लिहिलं होतं.

जून २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क आपियाला गेल्या आणि आपल्या सरकारच्या वतीने सामोआच्या लोकांची माफी मागितली. १९१८ च्या साथीसाठी आणि १९२९ च्या गोळीबारासाठीही. साथीनंतर ८४ वर्षांनी वाक्यात कर्ता आला. माफी म्हणजे तरी काय, गाळलेला 'ने' परत लावणं.

आणि आता कबुली

तर मंडळी, ती कबुली. भाषा सप्ताहाच्या तीनएक आठवडे आधी आमच्या प्रोजेक्टमध्ये एक घोळ झाला होता... नाही, परत म्हणतो. मी एक घोळ केला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी एक स्क्रिप्ट चुकीच्या डेटाबेसवर चालवली. टेस्टिंगचा आठवडाभराचा डेटा उडाला. उसो आणि त्याच्या टीमने शनिवार-रविवार बसून तो परत भरला. सोमवारी मी रिपोर्ट लिहिला. त्यात वाक्य होतं, "क्लीनअपदरम्यान टेस्ट डेटा डिलीट झाला." कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पंधरा जणांच्या टीममध्ये डेटा आपोआप डिलीट झाला.

हा भाग लिहायला घेतला आणि 'ए' पाशी येऊन तीन दिवस अडकलो. चौथ्या दिवशी उसोला फोन केला आणि म्हटलं, ते मी केलं होतं. तो म्हणाला, "माहीत आहे. लॉगमध्ये तुझं नाव होतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण तू सांगितलंस ते बरं केलंस, उसो." त्याच दिवशी मी रिपोर्टमध्ये दुरुस्ती केली. "मी टेस्ट डेटा डिलीट केला." सहाएक सेकंदांचं टायपिंग, पण हात थरथरत होता.

त्या फोनवर त्यानेही एक गोष्ट सांगितली. परवा त्याने आजीला जेवायला बोलावताना घाबरत घाबरत मानाचा शब्द वापरला. चुकला. आजीने दुरुस्त केलं, त्याने परत म्हटलं. मग आजीने अर्धा तास त्याला त्यांच्या गावाचं फा'आलुपेङा शिकवलं. त्याला अजून पाठ झालेलं नाही. पण निदान दोघं सामोअनमध्ये बोलले.

मीही आजींसाठी वाक्य तयार ठेवलंय, यावेळी 'सुआफा' घालून. पुढच्या कॉलला त्या मागून दिसल्या तर विचारणार आहे.

तुम्हाला गृहपाठ एकच. आज दिवसभरात तुम्ही "झालं", "राहिलं", "फुटलं", "विसरलं गेलं" किती वेळा म्हणता ते मोजा, आणि त्यातलं एक तरी वाक्य 'मी'ने सुरू करून बघा. जमलं तर मला व्हॉइस नोट पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, तोफा! घाबरू नका, सामोअनमध्ये निरोप घेताना असंच म्हणतात.